मागचं चाक

पारवाड फाट्याच्या अलीकडच्या वळणावर
म्हैस आडवी आली, तेव्हा
पुढचं चाक थांबायला निघालं
आणि मागचं
आपल्या वेगळ्याच कामाला.

बर्फाच्या डब्यात बावीस नळ्या रक्ताच्या,
कणकुंबीच्या, जांबोटीच्या,
नावं कानडीत, अक्षर माझं.
एकही फुटली नाही.
गुडघा तेवढा फुटला.
म्हैस रवंथ करत बघत राहिली.

भरमाण्णा हुंदरेनं गाडी मधल्या स्टँडवर घेतली.
मागचं चाक दोन्ही हातांनी धरून
डावी-उजवीकडं हलवलं,
पोराचा दात हलवून बघावा तसं.
टक्.
पुन्हा. टक्.
"ऐकलीस? स्विंगआर्मचं बुश गेलंय.
चाक चालूलालंय असं तुला वाटूलालंय,
ते नुसतं मागनं येऊलालंय."

मग टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचले,
कितव्या वर्षी, कितव्या आठवड्यात जन्मला ते.
मला ही नोकरी लागायच्या आधीचा निघाला.
हवा चाळीस.
घट्ट म्हणजे चांगलं, असं
पंपावरच्या पोरालाही वाटलं होतं, मलाही.
"दगड करून ठेवलीस की गे.
रबराला जरा बसू दे जमिनीवर."
नवा टायर चढला, हवा अठ्ठावीस.
फुस्स करून बाहेर गेलेली बारा माणसं
इतके दिवस कुठं कोंबली होती मी?

बुश उद्यमबागेत, मल्लेशीच्या लेथवर.
पितळेचा कीस त्याच्या चपलेवर पडत होता,
पिवळा, कुरळा.
कॅलिपरवरची नजर न काढता तो म्हणाला,
"निधान ब्रेक हाक्री, अक्कार."
निधान.
त्याच्या भाषेत हळू.
माझ्या भाषेत पुरून ठेवलेलं धन.
खानापूरच्या बसमध्ये
कागदात गुंडाळलेलं ते बुश मांडीवर घेऊन बसले,
अजून कोमट होतं.

भरमाण्णानं ब्रेकशूची चकाकी
पॉलिशपेपरनं घालवली.
चकाकलेलं काही धरत नाही, म्हणाला,
आणि डबा वीतभर पुढं सरकवून बांधला.
मग अचानक:
"घाटात क्लच धरून उतरूलालीस काय?"

मी गप्प.
उताराला क्लच दाबला की पेट्रोल वाचतं
हे मला कुणी शिकवलं ते आठवेना.
लॅब किलोमीटरमागं ठरलेले पैसे देते,
त्यातून वाचलेलं माझं.

"इंजिननं चाकाचा हात धरलेला असतोय.
तूच सोडवूलालीस, आणि वर पाय ठेवूलालीस.
चाक पोरकं होतंय त्या वेळी.
आधी पुढचा ब्रेक. मारायचा नाही,
ओलं फडकं पिळावं तसा.
वजन पुढं गेलेलं कळतंय मनगटात.
मग मागचा, अंगठ्यानं,
निजलेल्याला उठवावं तसा."

शाळेमागच्या मैदानात
पहिल्यांदा मागं काळी, वाकडी रेघ उठली.
दुसऱ्यांदा तोकडी.
तिसऱ्यांदा रेघच नाही,
तांबड्या मातीत नुसती नक्षी,
टायरची, शेवटच्या बोटापर्यंत स्वच्छ,
जणू कुणी शिक्का मारत चालत आलं
आणि थांबलं.
भरमाण्णा बिडी विझवून ती बघायला खाली बसला.
काही बोलला नाही.

हिशेब दोन हजार नऊशे चाळीस.
लॅबच्या फॉर्मवर पेट्रोलचा रकाना आहे,
पंक्चरचा आहे,
थांबण्याचा नाही.
'इतर'मध्ये लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या वळणावर म्हैस नव्हती.
धुकं होतं, आणि काजूची पानं
रस्ताभर पसरलेली, ओली.
तरी मी ब्रेक धरला,
क्लच मोकळा ठेवून.
मागचं चाक आलं,
माझ्या मागोमाग, माझ्याच रेषेत.
डब्यातल्या नळ्या एकमेकींना लागल्या,
अगदी हलक्या,
आणि गप्प झाल्या.